गवताचा प्रबंध

विभागाच्या खोलीला रंग द्यायचा होता, एवढंच निमित्त झालं. मूल्यांकन समिती यायची होती, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत अख्खं महाविद्यालय घासूनपुसून काढणं चाललं होतं. वनस्पतिशास्त्राच्या खोलीतली दोन लोखंडी कपाटं रिकामी केली गेली आणि त्यांतलं सामान मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन टाकलं गेलं. त्या सामानात संघपालचे तीनशे बारा नमुने होते. गवताचे. एकेक गवत मुळासकट काढायचं, रद्दीच्या कागदात दाबायचं, रोज कागद बदलत वाळवायचं आणि मग जाड कागदावर दोऱ्यानं टाचून खाली चिठ्ठी लावायची. चार वर्षांचं काम होतं ते.

सामान हलवलं जात होतं तेव्हा संघपाल शंभर पावलांवर, कार्यालयात बसून त्याच समितीसाठी फायली तयार करत होता. त्याचे मार्गदर्शक कृष्णराज सर यांनीच त्याला तिथं बसवलं होतं. विभागात संशोधनाला किती पोषक वातावरण आहे, हे दाखवणारी फाईल त्याच्याकडं होती.

समिती आली, हार घालून घेऊन गेली. मधे दोन दिवस अवकाळी पाऊस झाला. पंधरा दिवसांनी संघपालनं कपाट उघडलं तर आत नव्या कोऱ्या प्रमाणपत्रांच्या चौकटी ठेवलेल्या. शेडमध्ये गेला, तेव्हा खालचे गठ्ठे ओल धरून काळे पडले होते आणि वरच्यांना वाळवी लागली होती. तो तिथंच उकिडवा बसून एकेक कागद वेगळा करत राहिला. संध्याकाळपर्यंत एकसष्ट धड निघाले.

संघपाल येरमाळ्याचा. वडील तात्याराव एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. त्यांनी पोराला एमएस्सीपर्यंत शिकवलं, तो सेट परीक्षा पास झाला, आणि तिथून पुढं तासिका तत्त्वावरच्या नोकरीत तो अडकला. दर जूनला नवी ऑर्डर, मार्चला घरी. पीएच.डी. झाली की कायमची जागा मिळेल असं सगळे म्हणायचे, म्हणून त्यानं नोंदणी केली.

कृष्णराज सरांनी त्याला औषधी वनस्पतींवरचा ठरीव विषय देऊ केला होता. आधीच्या तिघांनी तोच केला होता, फक्त तालुके बदलून. संघपालनं गवत मागितलं. त्याचं कारण त्याची आई होती.

जाईबाई दहा वर्षांची असल्यापासून गवत कापायला माळावर जायची. लोकांच्या म्हशींसाठी भारे आणायची. लग्नानंतर तात्यारावांची नोकरी लागेपर्यंत तिनं तेच केलं. बालाघाटच्या या उघड्या माळांवर परक्या माणसाला नुसतं पिवळं दिसतं, तिथं तिला चाळीस-पन्नास वेगळी गवतं दिसायची. रविवारी संघपाल तिला मोटारसायकलवर मागं बसवून कधी ईटच्या बाजूला, कधी भूमच्या रस्त्यानं माळावर न्यायचा. पुस्तक उघडून तो कणसाचे केस मोजत बसायचा, तोवर ती दहा पावलांवरून सांगून मोकळी व्हायची.

"ही पवन्या न्हाय. शेडा हाय. शेडा वाळला की म्हस तोंड फिरवती, पवन्या वाळली तरी खाती."

रात्रीचं दूध कोणत्या गवतानं वाढतं, कुसळ गळल्यावर कोणतं जनावराला चालतं, कोणतं गवत आलं म्हणजे खाली पाणी आहे, हे सगळं तो लिहून घ्यायचा. प्रत्येक नमुन्याच्या चिठ्ठीवर शास्त्रीय नाव, जागा, तारीख आणि त्याखाली एक ओळ असायची: माहिती, जाईबाई, येरमाळा. पुस्तकात न सापडणाऱ्या सतरा गोष्टी त्याला तिच्याकडून मिळाल्या होत्या. एवढ्या आनंदात तो आयुष्यात कधीच नव्हता, हे त्याला फार नंतर कळलं.

नमुने गेले त्या आठवड्यात तो कृष्णराज सरांकडं गेला. नुकसान कसं झालं याचं महाविद्यालयाचं एक पत्र मिळावं, म्हणजे विद्यापीठाला दाखवता येईल, असं त्यानं म्हटलं. सर वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच हळहळ वाटली. त्यांनी चहा मागवला, शिपायाला बोलावून झापलं, मग म्हणाले, "लेखी कशाला रे? प्राचार्य अडचणीत येतील. मी आहे ना सल्लागार समितीत."

संघपाल निमूट परत आला. सरांच्या पोरीच्या लग्नात पत्रिका वाटण्यापासून ते सरांच्या वाटणीचे पेपर तपासण्यापर्यंत त्यानं सगळं केलं होतं. एवढ्यावर सर आपली बाजू घेतील असं त्याला वाटणं साहजिक होतं.

दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढं उभं राहायचं असतं. त्या वेळी बाहेरगावाहून आलेल्या एका बाईंनी नमुने पाहायला मागितले. संघपालनं सरांकडं पाहिलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "संशोधकाकडून जपणूक नीट झाली नाही, मॅडम. मी समज दिलेली आहे."

त्याला तोंड होतं, शेडची जागा त्याला बोटानं दाखवता आली असती, खिडकीतून तो पत्रा दिसत होता. पण तो बोलला नाही. अहवालात शेरा पडला: प्रगती असमाधानकारक, नमुने नव्यानं गोळा करावेत. बाहेर आल्यावर सर खांद्यावर हात ठेवून म्हणाले की हे असंच करावं लागतं, नाहीतर दोघंही अडकलो असतो. दोघंही हा शब्द संघपालला पुढं कित्येक दिवस टोचत राहिला. सरांनी काय केलं याचा राग यायचाच, पण आपण गप्प का बसलो याचा जास्त यायचा.

मग पुन्हा माळ. या वेळी आई त्रेसष्टची होती, गुडघे गेलेले. आणि माळही तो राहिला नव्हता. ईटकडचा सगळ्यात चांगला तुकडा एका कंपनीनं सपाट करून तारेचं कुंपण घातलं होतं, आत सौर पट्ट्यांच्या रांगा. फाटकावरच्या रखवालदारानं आत सोडलं नाही. संघपालनं संशोधनाचं ओळखपत्र दाखवलं, गवतासाठी आलोय म्हणून सांगितलं. रखवालदार म्हणाला, "गवतावर तर रोज औषध मारतात सर. पट्ट्यांवर सावली पडती त्याची." जाईबाई कुंपणाला धरून उभी राहिली. परतताना मात्र तिनं महामार्गाच्या भरावाशी गाडी थांबवायला लावली. रस्त्यासाठी कुठून तरी आणून टाकलेल्या मातीतून तिला हव्या असलेल्या दोन जाती उगवून आल्या होत्या. गाड्या कानाजवळून जात होत्या आणि माय-लेक भरावावर बसून मुळं मोकळी करत होते.

दोन पावसाळे गेले. जुने एकसष्ट धरून दोनशे एक्याण्णव नमुने झाले. चौदा जाती पुन्हा मिळाल्या नाहीत त्या नाहीतच.

एवढ्यात नोंदणीची मुदत संपली. मुदतवाढीच्या अर्जाला विद्यापीठात पाच महिने लागले. दोनदा अर्ज आलाच नाही असं खिडकीवर सांगितलं गेलं आणि संघपालकडं तो दिल्याचा कागद नव्हता. त्यातच कृष्णराज सरांची निवृत्ती आली. दुसऱ्या कुणा मार्गदर्शकाकडं विद्यार्थ्यासाठी जागा रिकामी नव्हती. सरांनी बोलावून सांगितलं की महिन्याभरात प्रबंध दे, मी सही करून मोकळा होतो. त्याआधी एक लेख छापून यावा लागतो, तो मी नियतकालिकाच्या संपादकांशी बोलून करून घेतो. पहिलं नाव माझं राहील, म्हणजे लवकर होईल. आणि ते चिठ्ठ्यांवरचं आईचं नाव काढ.

"संदर्भात घरच्या माणसाचं नाव बरं दिसत नाही," सर म्हणाले. "परीक्षक म्हणतील, याची आईच याची साक्षीदार. त्यात त्या शिकलेल्या नाहीत. स्थानिक माहितगार असं लिही."

संघपालनं एक आठवडा घेतला. तात्यारावांना विचारलं. तात्याराव म्हणाले, नाव गेलं तरी चालेल, सात वर्षं जाऊ देऊ नको. नमुन्यांच्या दोनशे एक्याण्णव चिठ्ठ्या त्यानं नव्यानं लिहिल्या. काम होतं, केलं.

लेख छापून आला तेव्हा जाईबाई अंगणात मटकी निवडत होती. साक्षरतेच्या वर्गात ती अक्षरं शिकली होती, बोट लावून वाचायची. लेख इंग्रजीत होता म्हणून तिनं त्यालाच वाचायला सांगितलं. पवन्या-शेड्याची गोष्ट आली तशी तिनं मान वर केली.

"ह्ये कुणी सांगितलं म्हनून लिवलंय?"

"स्थानिक लोकांनी."

"मंजी म्याच की," ती म्हणाली, आणि पुन्हा मटकी निवडायला लागली. तिनं विषय परत काढला नाही. त्यानं काढायला हवा होता. त्यालाही ते जमलं नाही.

पदवी मिळाली. चौकात फलक लागला, तात्यारावांनी आगारात पेढे वाटले. संघपाल तेव्हा एकेचाळीसचा होता. जिल्ह्यात त्याच्या विषयाच्या जागा रिकाम्या होत्या, भरती बंद होती. जूनला नवी ऑर्डर आली, तासिका तत्त्वावरचीच, फक्त नावामागं डॉक्टर लागलं. कृष्णराज सरांचा त्याच वर्षी सत्कार झाला. अकरा विद्यार्थ्यांना पीएच.डी. मिळवून दिली म्हणून. संघपालला मनोगत मांडायला सांगितलं होतं. त्यानं ताप आल्याचं कळवलं.

त्यानंतर त्याच्याकडं ईटची वैष्णवी आली. खव्याच्या भट्ट्यांवर काम करणाऱ्या बायकांच्या श्वासाच्या विकारांवर ती संशोधन करत होती. सात महिने झाले होते, तिच्या मार्गदर्शकांनी सहामाही अहवालावर सही केली नव्हती. सही मागितली की पुढच्या आठवड्यात ये म्हणायचे, आणि मधल्या आठवड्यात त्यांच्या पुस्तकाचं टंकलेखन तिच्याकडं यायचं. संघपालनं तिला धीर दिला नाही. त्यानं कागद काढला आणि तिच्याकडून तारखांसह अर्ज लिहून घेतला, दोन प्रतींत. दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत कार्यालयात जाऊन दुसऱ्या प्रतीवर पोहोचेचा शिक्का मागितला. कारकून म्हणाला, शिक्का साहेबांकडं असतो. संघपाल म्हणाला, आम्ही बसतो. दीड तास बसले. शिक्का मिळाला.

हे तोंडोतोंडी पसरलं. येरमाळ्याच्या विहारात रविवारी दहा वाजता सहा-सात जण जमू लागले. एक अणदूरचा, दोघी कळंबच्या, बाकी इकडचे तिकडचे. एकमेकांची प्रकरणं वाचायची, समितीपुढं काय बोलायचं त्याची तालीम करायची, प्रत्येक नमुन्याचे, प्रत्येक वहीचे फोटो काढून दोन ठिकाणी ठेवायचे. कुणी रडलं तर रडू द्यायचं. एका प्राध्यापकानं त्याला रस्त्यात गाठून विचारलं की पोरांना गाईडच्या विरोधात का भडकवतो.

"भडकवत नाही," संघपाल म्हणाला. "एकटं उभं राहावं लागू नये, एवढंच बघतो."

पुढच्या जूनला त्याची ऑर्डर आली नाही. कारण कुणी सांगितलं नाही. आता तो बार्शीच्या एका खाजगी शिकवणीत अकरावीला शिकवतो.

वैष्णवीचा अहवाल सही होऊन गेला, पण तिनं मधेच तलाठ्याची परीक्षा दिली आणि निवड झाली. सांगायला ती पेढे घेऊन आली, मान खाली घालून. तिच्याजवळ चाळीस बायकांच्या मुलाखतींच्या पाच वह्या होत्या. आता त्यांचं काय करू, असं तिनं विचारलं. संघपालनं तिचं मनापासून अभिनंदन केलं. वह्या कुणाला देऊ नका, जपून ठेवा म्हणाला. ती गेल्यावर तो बराच वेळ ओट्यावर बसून राहिला. पोरगी सुटली याचं त्याला बरं वाटत होतं, आणि तसं वाटतंय याचीच त्याला चीड येत होती.

पुढच्या रविवारी विहारात चौघंच आले. कळंबच्या मुलीचं तिसरं प्रकरण वाचायचं होतं. संघपालनं सतरंजी झटकून टाकली आणि तिला सुरुवात करायला सांगितलं.