अंजनाची धडधड अन् माह्या खोड्या

कापूस वेचून घरी आलं का लुगड्याले कचरा लागूनच येते. कितीबी झटका, एखांदी काडी राह्यतेच! आमच्या सबसेंटरच्या, म्हंजे गावच्या सरकारी दवाखान्याच्या, वट्ट्यावरचे किस्से तसेच हाय. दर मंगयवारी आमी तिघी म्हाताऱ्या बीपी पाह्याले जातो, अन् येतांना एखांदा किस्सा चिटकून येते. तिघी म्हंजे मी शेवंता, तिसरी पास. दुसरी पार्वता, तिचं तोंड कदीच बंद नसते. अन् अंजना. ते शाळेत गेली नाई, पन भेवात मास्तरीन! गॅस बंद केला का, बकरी बांदली का, परगावचा लेक जेवला का... दिवसभर छाती धडधड. अन् मी? मी तिच्या खोड्या काढाले जलमली होती.

*

पयल्यांदा बीपीचा पट्टा दंडाले बांदला तवा अंजना लटलट कापे. मी कानात सांगतलं, "दम रोखून धर. मशिनीले काईच समजत नाई."

तिनं धरला नं बाई! गाल फुगले, डोये बाहेर आले. सिस्टर तेलुगू, ते घाबरून वरडली, "अय्यो अम्मा, श्वास घ्या, श्वास!"

अंजनानं घेतला, अन् हयूच मले म्हने, "सापडली का वं मी मशिनीले?"

*

मंग सिस्टर म्हने, "टेन्शन वद्दु अम्मा, घेऊच नका. धडधडलं का डोये मिटून शंभर मोजा."

अंजनाले मोजता येते विसापरेंत. वावरात आमी करो तसंच तिनं केलं. वीस झाले का पदराले एक गाठ. पाच गाठी झाल्या का शंभर. बसली डोये मिटून. अन् मी मांगून गाठी सोडत गेली! तिनं मारली का मी सोडली, तिनं मारली का मी सोडली. ऊन पायरीवरून वट्ट्यावर चढलं, वट्ट्यावरून भिंतीवर गेलं.

शेवटी बिचारी डोये उघडून म्हने, "सिस्टर, तुमचे शंभर लय मोठे हाय वं माय!"

पट्टा बांदून पाह्यलं, तं बीपी उतरलेलं! सिस्टर खुश. मीबी खुश.

*

एका पुनवेले आमच्या विहारात शहरातले सर ध्यान शिकवाले आले. म्हने, डोये मिटा, मनात येईल थे येऊ द्या, जाईल थे जाऊ द्या. पार्वता दोन मिनिटात घोराले लागली. अंजनाचा एक डोया उघडाच.

मी म्हटलं, "मीट नं वं दोनी!"

"दोनी मिटले तं चपला कोन पाह्यन?"

आता अशा बाईचं काय कराव? शेवटी तिनं दोनी मिटले, अन् मी जाऊन तिची एक चप्पल लपोवली! बिचारी अंजना एका पायात चप्पल घालून घरी गेली. मले चप्पल द्याची याद दुसऱ्या दिवशी आली. मलेच हासू येऊन राह्यलं होतं, तिले काई नाई.

*

मंग तो कागदाचा किस्सा. सिस्टर म्हने, मनातली चिंता कागदावर काढा, हलकं वाटते. तिघीत लिवता येनारी मीच, म्हून मी कारकून. पार्वताची एकच ओय, "सून भाजीत मीठ कमी टाकते." अंजनाचं पानभर झालं. सरतेशेवटी हयूच म्हने, "लिव. मी मेली तं लेकाले कोन सांगन? तो माह्या फोनच उचलत नाई."

लिवलं. अन् मंग माह्या अंगात कोनता किडा वयवयला मालूम नाई, अख्खा कागद मी वट्ट्यावर मोठ्यानं वाचला! तिचाच आवाज काढून, तिच्यासारखे हात कापवून. सारं सबसेंटर हासलं. अंजनाबी हासली, तोंडाले पदर लावून.

पुढच्या मंगयवारी मी पेन काढला. "सांग, अंजने."

"मले काईच चिंता नाई, बाई."

त्याच्या पुढच्या मंगयवारीबी तेच. चाय पे, हासे, पन पोटातलं एक अक्षर मले सांगे नाई. पावसाया सरला, लेकाचा फोन नाई, तिच्या घशाखाली घास उतरत नवता, हे मले कोनी सांगतलं? सिस्टरनं! मांडीले मांडी लावून बसनारी मी, अन् मले परक्याकडून समजलं.

तिनं पयलेसारखं माह्याजवय मन खोलाव, एवढंच मले पाह्यजे होतं. माफी मांगाले दोनदा तिच्या दारी गेली. दोनी खेपा तोंडातून मस्करीच निंगाली. पार्वता म्हने, "तुले खरं बोलाचा कायदाच लागू नाई वं!"

*

अन् हा याच महिन्यातला. माह्या लेकाचं हैदराबादले छातीचं आपरेशन. सून फोनवर म्हने, "आत नेलं. झालं का सांगतो." सकायपासून फोन मुठीत धरून बसली. जीव असा वर आला का घरात बसवेना. उठली अन् सिदी अंजनाच्या दारी. ते तूर निवडून राह्यली होती, बाजूले पार्वता.

मी म्हटलं, "अंजने, मले लय भेव लागून राह्यलं वं. लेकाचं आपरेशन हाय. माह्या हात धर."

जलमात हे मी कोनाले म्हटलं नवतं.

अंजनानं वर पाह्यलं. माह्या हाताकडं पाह्यलं. अन् सुपातली तूर सांडेपरेंत हासली.

"पार्वते, पाह्य वं पाह्य! हात कसे कापवते, अन् आज तं डोयात पानीबी आनलं! पुन्यांदा करून दाखव, शेवंता. थांब, शेजारनीलेबी बलावतो!"