भिंतीवरचा नोंदणी क्रमांक

समुपदेशक बाईंच्या दवाखान्यात माझी नात सई खुर्चीत बसायच्या आधी भिंतीपाशी गेली. तिथल्या प्रमाणपत्रावरचा नोंदणी क्रमांक तिने मोबाइलवर ताडून पाहिला, मुदतही पाहिली.

"काय गं, पोलीस आहेस का?" मी म्हटलं.

"आजी, मन उघडायचंय इथे. बघायला नको?"

हवं होतं बघायला. माझी धाकटी बहीण कुसुम बाळंतपणानंतर गप्प गप्प झाली, तेव्हा एका 'मनोविकारतज्ज्ञा'कडे तिला मीच नेलं. तेव्हाची मी म्हणजे केवढी शहाणी! वाण्याच्या वजनावर सरकारी शिक्का दिसल्याशिवाय पाव किलो साखर घेत नसे, आणि या माणसाचा नुसता टाय बघून मी हात जोडले. त्याच्या भिंतीवर धबधब्याचं चित्र होतं. ते मला फार आवडलंही होतं. रिक्षा चालवायला बिल्ला लागायचा, माणसाचं डोकं हाताळायला दारावरची पाटी पुरायची.

तो म्हणाला, "सगळं ढोंग आहे. सुधारेपर्यंत मूल हातात द्यायचं नाही."

मी ते अगदी चोख पाळलं, वर्षभर. त्याच्याकडे कसलाच परवाना नव्हता हे कळलं, तोवर कुसुमचं बाळ मला आई म्हणायला लागलं होतं.

गेल्या महिन्यात कुसुमच्या नातवाला मुलगी झाली. बारशाला कुसुम हात धुऊन पाळण्याशी उभी राहिली. मग पंच्याहत्तरीची ती बाई माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, "ताई, घेऊ का?"