पाडव्याला उघडलेलं खातं

भाविका नीट जेवत नसणार, हे शांतीच्या मनातून काही केल्या जाईना.

फोनवर पोरगी "जेवले" म्हणाली होती. पण कशी म्हणाली, ते शांतीनं ऐकलं होतं. लहानपणी अभ्यास झाला का विचारलं की ती असंच झटकून "झाला" म्हणायची आणि दप्तर तसंच कोपऱ्यात पडलेलं असायचं. एरवी रोह्याच्या एसटीडी बूथवरून बोलताना तिला मीटरचं भान नसे. कुणाच्या कॉम्प्युटरमध्ये पालीनं अंडी घातली, कुणी माऊसवर देव्हाऱ्यातलं रेशमी वस्त्र पांघरून ठेवलं, असलं काहीबाही ऐकवून ती आईला हसवायची. या आठवड्यात मात्र ती हूं, हूं एवढंच करत होती. काल फोन ठेवता ठेवता तिनं विचारलं, "आई, हौसामावशी कायमची गावाला परत गेली, तर तिथं तिचं कसं होईल गं?"

शांती "का?" म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता.

नवऱ्यानं, रघुनाथनं, तिला समजवायचा प्रयत्न केला. तो पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचा, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचा. त्यामुळे घाई हा शब्द त्याच्या घरात नव्हताच. चहा बशीत ओतत तो म्हणाला की पोर बावीस वर्षांची आहे, नोकरी करते, तिला तिची डोकेदुखी असू दे. आणि वर म्हणाला, "तुझी काळजी एसटीपेक्षा वेळेवर येते बघ."

शांती हसली नाही. शनिवारी शाळेतून आल्या आल्या तिनं पिशवीत कपडे कोंबले, सुक्या जवळ्याची चटणी आणि तांदळाच्या भाकऱ्या बांधल्या आणि रोह्याची गाडी पकडली.

भाविका मुळातच गाठ सोडल्याशिवाय न राहणारी. शाळेत असताना शांतीनं विणलेल्या स्वेटरचा एक टाका चुकलेला तिला दिसला, तर तिनं अख्खी बाही उसवून ठेवली होती. चूक कुठून सुरू झाली ते बघायचं होतं, म्हणाली. पेणला बी.एस्सी. केलं, कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि रोह्यातल्या धनेशच्या दुकानात लागली. धनेश कारखान्यांतल्या साहेबलोकांना कॉम्प्युटर विकायचा. विकलेलं यंत्र रुसलं की भाविकाला पाठवायचा. राहायला तिला शांतीनं हौसाकडे ठेवलं होतं, रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात. हौसा म्हणजे शांतीच्या माहेरची, खाडीकाठची. दोघींचे बाप एकाच मिठागरावर राबले. शांती शिकली, पेणला येऊन शिक्षिका झाली. हौसाचं लग्न रोह्याकडे झालं, नवरा लवकर गेला, आणि तिला काम हवं होतं तेव्हा शांतीनंच अधिकारीसाहेबांकडे शब्द टाकला होता. साहेबांची बायको शांतीबरोबर कॉलेजात होती. आता ती बाईही नव्हती. साहेब एकटे, आणि त्यांचं घर हौसाच्या हातात.

हे अधिकारीसाहेब नागोठण्याच्या मोठ्या कंपनीतून निवृत्त होऊन रोह्यात राहिलेले. मुलगा अमेरिकेत. त्यानं गेल्या वर्षी येऊन कॉम्प्युटर घेऊन दिला आणि घरखर्चाचा हिशेब ठेवायचं एक सॉफ्टवेअर त्यात घालून दिलं. साहेबांचं खातं कंपनीच्या कॉलनीतल्या एका नव्या बँकेत होतं. त्या बँकेनं इंटरनेटवरून खात्याचे व्यवहार उतरवून घ्यायची सोय केली होती. मोडेम लावायचा, मुंबईचा नंबर फिरवायचा, बँकेची फाईल घ्यायची आणि ती सॉफ्टवेअरला द्यायची. सांगायला सोपं. पण पहिल्याच महिन्यात साहेबांचं फेब्रुवारीच्या पाच तारखेचं लाईटबिल मे महिन्यात जाऊन बसलं, आणि बारा तारखेनंतरचं तर काहीच आत येईना. सॉफ्टवेअर अमेरिकेचं, महिना आधी आणि तारीख नंतर वाचणारं, हे भाविकानं शोधून काढलं. तेव्हा साहेब तिला दुकानात पेढे देऊन गेले होते. बँकेचं छापील स्टेटमेंटही त्यांनी बंद करून टाकलं. आता कागद कशाला, म्हणाले.

एवढं शांतीला ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं, आणि ते काय असेल याचे घाट ती वडखळपासून रोह्याच्या खिंडीपर्यंत चढत उतरत राहिली. धनेशनं काही वावगं केलं असेल का? पोरीनं कुणाशी काही जमवलं असेल का? मग हौसानं गावाला का जावं? एकाला एक लागेना. शेजारची बाई ऊन लागतंय, काच ओढून घ्या म्हणाली, तेही तिला दोनदा सांगावं लागलं.

अष्टमीला उतरून ती हौसाच्या खोलीवर पोचली, तर हौसा भर दुपारी घरात. ती या वेळेला कधीच घरात नसायची. भिंतीशी गोधड्यांचं गाठोडं बांधून ठेवलेलं.

"आलीस व्हय," हौसा म्हणाली. "तुज्या पोरीला घेऊन जा गो. चार दिस झालं, ताटात हात घालते नि उठते. माज्यापायी."

मग तिनं पाणी दिलं, आणि काय झालं ते थोडक्यात सांगितलं. साहेबांचे गुडघे धरलेले, म्हणून महिन्याच्या महिन्याला त्यांचा चेक घेऊन नागोठण्याला हौसाच जायची. तिचा भाऊ जनू कॉलनीत माळीकाम करतो, त्यामुळे फाटकावर तिला कुणी अडवत नसे. पैसे आणून ती साहेबांच्या हातात द्यायची, साहेब मोजायचेही नाहीत. मागच्या आठवड्यात साहेब एकदम म्हणाले की आता माझे गुडघे बरे आहेत, चेक मी नेईन. दुसऱ्या दिवशी मागच्या दाराची चावी मागून घेतली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, तू थोडे दिवस विश्रांती घे. आणि काल साहेबांच्या समोरच्या घरी काम करणाऱ्या मैनाकडून कळलं की सोमवारपासून तिच्या जागी धोंडुबाई कामाला येणार आहे. हौसाही त्याच दिवशी सकाळच्या गाडीनं गावाला निघणार होती.

"तुला चोर म्हणाले ते?" शांतीनं विचारलं.

"म्हनला असता तर मी दोन शब्द बोलली असती. बोललाच नाय, त्याचाच राग हाय. गुडघं बरं हायत म्हनं. जिना उतरताना भिंत धरतो तो."

भाविका संध्याकाळी आली. आईला बघून ती उंबऱ्यातच थांबली, आणि "बाबांना जेवायला कोण घालतंय?" एवढंच म्हणाली. डोळे खोल गेलेले. शांतीनं पाटावर बसवून तिच्यापुढे भाकरी ठेवली आणि ती अर्धी संपेपर्यंत काही विचारलं नाही. हे तिला फार जड गेलं.

मग भाविकाच बोलायला लागली. साहेबांनी तिला बोलावलं ते शिल्लक जुळत नाही म्हणून. पडद्यावर हौसानं वटवून आणलेला प्रत्येक चेक दोनदा दिसत होता. जानेवारीचा दोनदा, फेब्रुवारीचा दोनदा. साहेब तिच्याशी यंत्राबद्दल बोलत होते, पण हौसा चहा घेऊन आली की गप्प होत होते. एकदाचे पैसे हातात आले, दुसऱ्यांदाचे हौसानं ठेवले, हा त्यांचा संशय भाविकानं तेव्हाच ओळखला. फोनची लाईन मध्येच तुटून फाईल दोनदा उतरली असेल, असं तिला आधी वाटलं. तसं नव्हतं. तारखा पुन्हा उलटल्या असतील, तेही नव्हतं. बँकेची फाईल तिनं ओळ न ओळ वाचली. त्यात सगळं एकेकदाच होतं. म्हणजे घोळ घरातच होता. आणि लाईटबिलही दोनदा होतं, टेलिफोनचं बिलही दोनदा होतं. ते साहेबांनी पाहिलंच नव्हतं. त्यांची नजर फक्त चेकांवर.

"मग मला खात्याचं नाव दिसलं," ती म्हणाली. "श्री."

साहेबांच्या घरी गुढीपाडव्याला नवी वही घालायची रीत. वडिलांच्या वेळेपासून. पहिल्या पानावर श्री लिहायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि मग जुन्या वहीतून मागची बाकी पुढे ओढायची. वही राहिली नाही, पण पाडवा राहिला. म्हणून या पाडव्याला साहेबांनी मॉनिटरला हार घातला आणि सॉफ्टवेअरमध्ये नवं खातं उघडलं. त्याचं नाव ठेवलं श्री. बँकेची फाईल त्यात घेतली. बँकेच्या प्रत्येक व्यवहाराला एक खुणेचा नंबर असतो, त्यावरून आधी आलेला व्यवहार सॉफ्टवेअर ओळखतं आणि सोडून देतं. पण ते त्या त्या खात्यापुरतंच. नव्या खात्याला जुनं काहीच माहीत नव्हतं. त्यानं मागच्या तीन महिन्यांचे सगळे व्यवहार पहिल्यांदाच आल्यासारखे घेतले. आणि मग साहेबांनी रीतीप्रमाणे जुनं खातं त्याच्यात ओढलं. नुसती शिल्लक नाही, सगळंच्या सगळं, म्हणून प्रत्येक व्यवहार दोनदा.

हौसा चुलीपाशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "म्हंजी त्याच्या पाडव्यानं माजा शिमगा केला."

कुणालाच हसू आलं नाही. थोड्या वेळानं मात्र तिघींनाही आलं.

शांतीचा जीव खरं तर इथे भांड्यात पडायला हवा होता. चूक सापडली, पोरगी धड आहे, मग काय उरलं? पण उरलं होतं. भाविकानं आधी धनेशला सांगितलं होतं. धनेश हुशार माणूस. तो म्हणाला की गिऱ्हाईकाला त्याची चूक दाखवायची नसते. जादाच्या नोंदी काढून टाक, साहेबांना सांग सॉफ्टवेअर बिघडलं होतं, आता नीट केलंय. साहेबांच्या ओळखीनं कॉलनीतली वीसेक कामं दुकानाला मिळायची होती. भाविकानं तसं केलं. शिल्लक पैशापैशाला जुळली. साहेब म्हणाले, वा. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी धोंडुबाईला बोलावणं धाडलं.

"त्यांना वाटतंय मी मावशीसाठी काहीतरी झाकलं," भाविका म्हणाली. "शिल्लक जुळली, पण मावशी त्यांच्या मनात तशीच राहिली. मी सोमवारी कामावर जायच्या आधी जाऊन सांगणार आहे. तुमच्या पाडव्यानं झालं म्हणून, तोंडावर."

"आणि धनेश?"

"काढेल."

शांतीनं जे म्हणायचं तेच म्हटलं. नोकरी मिळायला किती चपला झिजल्या ते आठव. आठवडाभर थांब, मोठ्या माणसाच्या तोंडाला तोंड देऊ नये, त्यांचं त्यांना कळेल. बोलता बोलता तिचं तिलाच ते शाळेतल्या सूचनेसारखं वाटायला लागलं.

भाविकानं ताट सारलं. "त्यांनी मावशीला तुझ्या शब्दावर ठेवलं होतं, आई. तू यात पडू नको पण. मी बघते."

रविवारी जेवण झाल्यावर शांती परत निघाली. भाविका स्टँडवर सोडायला आली, तिनं आईच्या पिशवीत काकड्या घातल्या आणि गाडी हलायच्या आतच वळून गेली. खिडकीतून तिची वेणी दिसत होती, सकाळी हौसानं घातलेली, घट्ट. शांतीला वाटलं उतरावं. मग वाटलं, उतरून काय सांगणार.

नागोठण्यापर्यंत ती स्वतःशी भांडत राहिली. पोरीचं बरोबर होतं. पण दुकानातली पोर जाऊन साहेबांना त्यांची चूक सांगणार, म्हणजे साहेब पहिल्यांदा तिचाच दोष काढणार. तूच बसवून दिलंस, तूच बिघडवलंस, म्हणणार. धनेश हो ला हो करणार. आणि एवढं होऊन हौसाची गाडी तोवर सुटलेली असणार. गावात मग कोण विचारतंय, साहेबानं काढली की आपणहून आली? मिठागरावर बातमी पाण्याआधी पोचते. शांतीला हौसाचा चेहरा दिसेना, ते गाठोडंच दिसत राहिलं.

आंबा नदीचा पूल मागे पडला. साहेबांच्या समोर बसून आपण तेव्हा काय म्हणालो होतो, ते तिला आठवलं. त्यांची बायको तेव्हा आजारी होती, पलंगावरून हसून ऐकत होती. "घर उघडं टाकून जा, साहेब, हौसा आहे," असं आपण म्हणालो होतो. हा शब्द भाविकानं दिला नव्हता. मग तो परत मागायला भाविकानं का जायचं? साहेबांना कॉम्प्युटर शिकवायची गरजच नव्हती. त्यांना एवढंच सांगायचं, की उद्या गुडघे बरे असतील तर शाखेत जा आणि पासबुक भरून घ्या. माझ्या माणसानं नेलेला चेक त्यात दोनदा आहे का, ते स्वतः बघा. आणि ते बघेपर्यंत धोंडुबाईला थांबवा.

पोरगी चिडेल. यात पडू नको म्हणाली होती. महिनाभर बोलणार नाही, तिचं तसंच असतं. धनेशलाही कळल्याशिवाय राहणार नाही.

वडखळला गाडी थांबली. कंडक्टर चहाला उतरला, ड्रायव्हर उतरला, अलिबागची माणसं पिशव्या घेऊन उतरली. तिठ्यावरच्या हॉटेलाला लागून एसटीडीचा पिवळा डबा होता, आत एक माणूस बोलत होता. शांतीनं घड्याळ पाहिलं. साहेब दुपारची झोप घेऊन उठले असतील, आणि चहा कुणी करायचा म्हणून स्वयंपाकघरात उभे असतील.

तिनं पिशवी उचलली आणि खाली उतरली. बूथमधल्या माणसाचं बोलणं संपत नव्हतं. मागे कंडक्टरनं घंटी दिली आणि मावशी, चला म्हणून हाक मारली. शांतीनं त्याला हातानंच जा म्हणून सांगितलं, पदराच्या गाठीतून सुटे पैसे काढले आणि बूथच्या दाराला हात लावून उभी राहिली. साहेबांचा नंबर तिला पाठ होता.