दवाखान्याच्या दारातला फौजी

सैन्यातून घरी आला तेव्हा गल्लीने त्याला आठवडाभर डोक्यावर घेतलं, आणि मग विसरून गेली. हाक तेवढी कायम राहिली, फौजी.

फौजी उजाडायच्या आत उठायचा, दाढी करायचा, बूट चकाचक करायचा आणि मग जायचं कुठेच नाही म्हणून खिडकीशी बसून राहायचा. बायको शिवणयंत्रावर असायची. इतकी वर्षं तिने घर एकटीने ओढलं होतं. आता हा मध्ये आला की तिला कात्री सापडेना, मुलगी मोकळं हसेना. एकदा जेवणाला उशीर झाला म्हणून तो खेकसला, तर मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, आम्ही तुमची पलटण नाही."

ते त्याच्या फार जिव्हारी लागलं.

सैन्य सोडलेल्यांना सुरक्षारक्षकाचं शिक्षण सरकारी खर्चाने मिळतं, ही बातमी लंबूने आणली. लंबू त्याच्याच तुकडीतला. ताडमाड उंच, घरी म्हातारी आई सोडली तर कुणी नाही. दोघांनी जोडीने नाव घातलं. मेहुण्याने मात्र नाक मुरडलं.

"म्हणजे शेवटी वॉचमनच ना, दाजी?"

बायकोने मशीन थांबवलं. "तू बसतोस त्या बँकेच्या दारात कोण असतं रे? तो नसेल तेव्हा एकदा शटर उघडून बसून दाखव."

मेहुण्याने चहात तोंड घातलं.

वर्ग टायरच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा. रबराचा वास थेट फळ्यापर्यंत यायचा. शिकवायला एक बाई होत्या. बुटक्या, हळू बोलणाऱ्या, तुरुंगाच्या नोकरीत हयात घालवलेल्या. कायदा, प्रथमोपचार, आग लागली तर माणसं बाहेर कशी काढायची, हे सगळं फौजीला सोपं गेलं. घोडं अडलं ते नंतर. बाई चिडलेल्या गिऱ्हाइकाचं सोंग घेऊन त्याच्या अंगावर धावून आल्या, नाकासमोर बोट नाचवत वाट्टेल ते बोलल्या. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच त्याने त्यांचा हात पिरगाळून त्यांना भिंतीशी दाबलं होतं.

"सोडा," बाई म्हणाल्या.

त्याने सोडलं. "मॅडम, चुकलं. मला कळलंच नाही..."

"मला काही झालेलं नाही." बाई मनगट चोळत होत्या. "पण समोर शत्रू नव्हता. डोकं फिरलेलं एक माणूस होतं. हात मोकळे ठेवून त्याच्यापुढे उभं राहायचं, हे तुम्हाला जड जाईल."

लंबूचा तिळपापड झाला. "शिव्या खाऊन गप्प बसायला आपण काय दगड आहोत?" म्हणत तो वर्ग सोडून गेला. फौजीही सोडणारच होता. घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "उद्या जा. त्यांच्यासमोर परत उभे राहा. तोंड लपवू नका."

तो गेला. घरी सरावासाठी मुलगी चिडलेलं गिऱ्हाईक व्हायची आणि अगदी मनापासून भांडायची. मनात साचलेलं बरंच काही त्या निमित्ताने बाहेर पडत असावं. फौजी उभा राहून ऐकायला शिकला.

एका मोठ्या दवाखान्यात त्याला काम मिळालं. तातडीच्या विभागाचं दार त्याचं. एका दुपारी आतून खुर्च्या आपटल्याचा आवाज आला. एका नर्सच्या हाताला खुर्ची लागली होती, माणसं भिंतीला चिकटली होती, आणि मधोमध लंबू उभा होता. त्याची आई नुकतीच गेली होती.

फौजीच्या जोडीच्या रक्षकाने काठी उगारली.

"काठी खाली," फौजी म्हणाला. "मी बघतो."

तो हात उघडे ठेवून पुढे गेला. "लंबू, मी आहे."

"तूही यांचाच!" लंबूने ठोसा मारला. फौजीचा ओठ फुटला. त्याचा हात आपोआप वर आला, अर्ध्यावर थांबला. त्याने तो खाली घेतला.

"आई कुठे आहे? मला नेतोस तिच्याजवळ?"

लंबू फरशीवरच बसला. "मी पोचलो तर तोंडावर चादर होती रे. मला कुणी सांगितलंच नाही." फौजी गणवेशासकट त्याच्याशेजारी बसला. त्याचं रडणं ओसरल्यावर त्याला उठवून आत घेऊन गेला, आणि तो आईचा हात धरून होता तोवर पडद्याबाहेर उभा राहिला.

पुढे चौकशी झाली. फौजीने पाहिलं ते सांगितलं. नर्सचा दुखावलेला हात लपवला नाही, चादरीची गोष्टही लपवली नाही. लंबूला समज देऊन सोडलं. पण मित्रानेच साक्ष दिली, हे त्याच्या मनातून जाईना. वर्षभर त्याने फौजीचं तोंड पाहिलं नाही.

आता लंबू मालट्रक चालवतो. गर्दीत उभं राहणं आपल्याला झेपायचं नाही, असं स्वतःच म्हणतो. दवाखान्यात मात्र आता नातेवाईक पोचायच्या आत माणूस गेलं, तर दारातच कुणीतरी त्यांना बाजूला बसवून सांगतं. ते काम बहुतेक वेळा फौजीकडे येतं. अशा दिवशी तो घरी येऊन खिडकीशी बसतो. बायको मशीन बंद करून त्याच्याशेजारी नुसती बसून राहते.