श्वा न सांगता आलेली मुलगी

"श्वा म्हणजे काय?" सॅम सरांनी विचारलं. वनिता पाटील उभी राहिली आणि "श्वा म्हणजे..." इथेच अडली. शेजारच्या मुलाने एका दमात व्याख्या म्हणून दाखवली. सर त्याला "एक्सलंट" म्हणाले आणि शनिवारच्या इंटरव्ह्यूच्या यादीतून वनिताचं नाव खोडलं.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मीरा रोडला पूनम सागरमध्ये दर दुसऱ्या बिल्डिंगखाली कॉल सेंटर ट्रेनिंगचा बोर्ड लटकत होता. अशाच एका क्लासात मी व्हॉइस ट्रेनर होते, म्हणजे मुलांचे इंग्रजी उच्चार सुधारून देणारी. सॅम सर नवे. मूळ नाव समीर, राहणार भाईंदर पूर्व. न्यू जर्सीला बहिणीकडे सहा महिने राहून आले आणि तेवढ्यावर 'अ‍ॅक्सेंट एक्स्पर्ट' झाले. त्यांनी उच्चारशास्त्रातल्या चाळीस संज्ञा छापून आणल्या होत्या. मुलांनी त्या घोकायच्या.

श्वा म्हणजे काही मोठं गूढ नाही. 'बनाना' म्हणताना आपण तिन्ही अक्षरं सारखी ठासून म्हणतो. इंग्रजीत जोर फक्त मधल्या 'ना'वर असतो. त्या जोराला स्ट्रेस म्हणतात. बाकीचे दोन स्वर पुसट 'अ' होतात, तोच श्वा. हाडाचं नाव डॉक्टरला माहीत हवं. पेशंटला चालता आलं की झालं.

वनिता संध्याकाळी माझ्याकडे आली. भाईंदरपलीकडच्या डोंगरी गावाहून बस बदलत यायची.

"मॅडम, एसटीडी बूथवरची नोकरी सोडून आलेय मी. आता म्हणतात, इंटरव्ह्यूला बसायचंच न्हाय."

"पाठ का नाही केलंस?"

"केलेलं. उभी राहिली की जातं डोक्यातनं. पण बोलता येतंय ना मला!"

येत होतं. बूथवर दिवसभर लोकांचं बोलणं ऐकून तिचा कान तयार झाला होता. मी तडक मालकांच्या, भाटिया सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, बॅचमध्ये सगळ्यात स्वच्छ ती बोलते."

"मॅडम, सॅम बोलतोय तिची थिअरी वीक है. कंपनीसमोर आपली इज्जत जाणार."

"कंपनी थिअरी विचारणार नाही."

"तुम्ही कधी अमेरिका गेलात काय?"

गेले नव्हते. तिथे न गेल्याने माझ्या कानांना काही इजा झाली नव्हती, पण हे त्यांना कोण सांगणार? मी म्हटलं, "ती नापास झाली तर सोमवारी माझा राजीनामा घ्या." हे त्यांना लगेच पटलं. वनिताचं नाव यादीत परत आलं.

शनिवारी कंपनीच्या बाई आल्या. त्या शेजारच्या खोलीत बसून फोनवर प्रवासी झाल्या. मुलांच्या हातात फ्लाइटची वेळ लिहिलेला कागद: सव्वासात. व्याख्यावाला मुलगा पहिला. जीभ वळवून वळवून 'र' काढत म्हणाला, "सेव्हन फिफ्टीन."

"सेव्हन फिफ्टी?"

"येस मॅम, फिफ्टीन!"

"थँक यू. माझं फ्लाइट चुकलं."

फिफ्टीनमध्ये जोर शेवटी असतो, फिफ्टीमध्ये सुरुवातीला. याने दोन्ही वेळा 'फिफ्'वरच जोर दिला आणि शेवटचं अक्षर गिळलं. स्ट्रेसची व्याख्या मात्र त्याने झोपेतही सांगितली असती. पुढच्या बहुतेकांनी तेच केलं. सॅम सर दाराशी उभे राहून मान डोलवत होते. त्यांना चूक ऐकूच येत नव्हती.

वनिताने शेवटच्या 'टीन'वर नीट जोर दिला. मग कोणी न सांगता म्हणाली, "वन-फाइव्ह, मॅम." बूथवर लोकांचे नंबर असेच सुटे करून खात्री करून घ्यायची सवय होती तिला.

अकरा मुलांतून दोघं निवडली गेली. वनिता त्यांतली एक. सॅम सर म्हणाले, "या कंपनीचं स्टँडर्डच लो आहे." तरीही चार दिवसांत क्लासबाहेर बॅनर लागला: वनिताचा फोटो आणि खाली 'सॅम सरांची विद्यार्थिनी'.

वनिताने तो पाहिला आणि सरळ केबिनमध्ये शिरली. "भाटिया सर, फोटो उतरवा. हे सॅम सर मला इंटरव्ह्यूला बसूनच देत नव्हते. मी यांची विद्यार्थिनी न्हाय." आवाज चढला नव्हता, पण शब्द न् शब्द बाहेरच्या पूर्ण बॅचला ऐकू गेला. बॅनर त्याच दुपारी उतरला.

माझा पगार वाढला नाही. सॅम सरांचा वाढला. उच्चार शिकवायला कान लागतात. क्लास चालवायला मात्र पासपोर्टवरचा एक शिक्का पुरतो.