हसत गेलेल्या माणसाचं हृदय

नोकरीतल्या गमती सांगायला मला आवडतं. मावळातल्या सरकारी दवाखान्यात उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे गमतींना तोटा नाही. एक गोष्ट मात्र मी बायकोलाही सांगितलेली नाही. विषय त्या बाजूला वळला की मी चहा मागवायचो. आता वय झालं, चहाही मोजूनमापून मिळतो. तेव्हा सांगूनच टाकतो.

लोणावळ्यातल्या एका चिक्कीच्या कारखान्यात एक नवरा-बायको कामाला होते. तो गरम चिक्की लाटायचा, ती समोर बसून वड्या पाडायची. तिच्या जिभेला सारा कारखाना टरकून असे, आणि तिच्या बोलण्यावर सगळ्यात मोठ्यानं हसायचा तो तिचाच नवरा. एकदा तो छाती चोळत माझ्याकडं आला.

"जळजळतंय साहेब. चढ चढलो की लय."

"जळंल न्हाई तर काय!" बायको मागून म्हणाली. "दिसभर तुकडं तोंडात टाकत्यात. मालक उंदराचं औषध आनतोय, आन् उंदीर हितं बसलाय."

तो पोट धरून हसला. नर्स हसली, मीही हसलो. हसता हसता पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. चढावर छाती जळते म्हणणाऱ्याचा ईसीजी काढायचा असतो, हे मला ठाऊक होतं. मशीन शेजारच्या खोलीत होतं. पण बाहेर रांग होती, आणि इतकं हसणारा माणूस आजारी असेल असं वाटलंच नाही.

अडीच-तीन महिन्यांनी पोलिसांनी त्याला शवविच्छेदनासाठी आणलं. झालं होतं असं, की मालक चिक्कीच्या नव्या खोक्यावर कामगारांचा फोटो छापणार होता. हा केस विंचरून तयार. तेव्हा बायको म्हणाली, "मालक, ह्यांचा फोटू नगा लावू. गिऱ्हाईक म्हनंल, माल लय जुना हाय." सगळे हसले. तो हसत हसत खाली बसला, तो उठलाच नाही.

त्याचं हृदय हातात घेतलं तेव्हा नेहमीपेक्षा जड लागलं. डावी भिंत जाड झालेली. तिच्यात कापडाला ठिगळ लावावं तसा पांढरट, चिवट डाग. तो आधी येऊन गेलेल्या झटक्याचा व्रण होता. माझ्याकडं आला होता त्याच सुमाराचा. रक्तवाहिनी कापताना कात्री करकरली. आत चुना साठून ती अंड्याच्या कवचासारखी झाली होती. अहवालात मी हे सगळं खरं लिहिलं. इंग्रजीत. वाचून दाखवा, असं कुणी म्हणालं नाही.

ती बाहेर चिंचेखाली उभी होती.

"साहेब, काळीज बघितलं का त्यांचं?"

"बघितलं."

"कसं हुतं?"

गोळ्यांची ती चिठ्ठी माझ्या डोळ्यांपुढं आली. मी म्हणालो, "चांगलं होतं. ठणठणीत."

"मंग? हसून गेलं?"

मी हो म्हणून मान हलवली.

तेवढ्या मान हलवण्यानं तिची वाचा गेली. 'हिच्या जिभेनं नवरा खाल्ला,' असं जावा म्हणू लागल्या. कारखान्यात ती खाली मान घालून वड्या पाडायची. खरं सांगायचं ठरवून मी कितीदा तरी तिथं गेलो आणि दर वेळी चिक्कीचा पुडा घेऊन परत आलो. घरी सगळ्यांना वाटायचं, मला चिक्की फार आवडते. मला ती चावतही नाही.

पुढं माझी बदली झाली, मग निवृत्ती, मग तळेगावात घर. तिचा मुलगा कंपनीत लागला आणि त्यानं माझ्या घराजवळच, वराळ्यात फ्लॅट घेतला. त्याला मी दर वर्षी हृदयाच्या तपासणीला पाठवतो. का म्हणून विचारलं तर त्याच्या वयावर ढकलतो. त्यानंच गेल्या हिवाळ्यात मुलीच्या हळदीचं आमंत्रण दिलं. आज सांगायचंच, म्हणून मी आरशासमोर वाक्य पाठ केलं आणि रिक्षात बसलो.

मांडवात गाणी जोरात चालली होती. बायकांच्या घोळक्यात, दोन्ही गालांना हळद फासून, म्हातारी हातवारे करत होती. "...गिऱ्हाईक म्हनंल, माल लय जुना हाय!" बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या.

मी जागीच थांबलो. मुलगा हसून म्हणाला, "ही नवरी चार वर्षांची असताना तिनं विचारलं, आजोबा कसे गेले. आईनं जसं घडलं तसं सांगितलं. पोरगी खो खो हसत सुटली. तिचं बघून आईही हसली. तेव्हापासून सुरूच आहे."

तेवढ्यात तिनं मला पाहिलं आणि हाताला धरून मधे ओढलं.

"ह्ये बगा डाक्तर! ह्यांनी सवता हातात धरून बघितलंय. सांगा डाक्तर, कसं हुतं काळीज आमच्या मानसाचं?"

सगळ्या माझ्याकडं बघू लागल्या. नवरीसुद्धा.

"ठणठणीत," मी म्हणालो.

"आयकलं? रोगानं न्हाई गेला माझा मानूस. माझ्या बोलन्यावर हसत गेला. तुमच्यातल्या कुनाचा नवरा बायकूच्या बोलन्यावर हसतो गं?"

मांडव हसण्यानं दणाणला. मीही हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तिनं माझ्या गालाला हळद चोपडली. "डाक्तर, तुमचाबी फोटू काडू. माल तुमचाबी जुनाच हाय!" मग समोर बसवून आग्रहानं जिलेबी वाढली. मी तीन खाल्ल्या, घरी सांगितलं एक.

रिक्षात गालावरची हळद वाळून ताणायला लागली. पाठ केलेलं वाक्य तसंच होतं, एक शब्दही विसरलो नव्हतो: बाई, त्यांचं काळीज आजारी होतं. ते तुमच्या बोलण्यानं गेले नाहीत. मी त्यांचं नीट ऐकून घेतलं नाही, म्हणून गेले. मला माफ करा.