दारातला औदुंबर आणि बाबांचं मशीन

मंडळी, आज दुपारी वीज ऑफिसातल्या माणसाला मी फोनवर नाही नाही ते बोललो. का, ते सांगतो.

जोतिबाच्या डोंगराच्या बाजूनं जोराचं वारं सुटलं आणि लाईट गेली. माझे वडील घरी ऑक्सिजनच्या मशीनवर असतात. मशीन बंद पडल्यावर मी त्यांना सिलिंडर लावला. घरात तो एकच होता आणि त्याचा काटा खाली यायला लागला. बाबांनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलेलं. दुसऱ्या हातानं मी फोन लावत होतो.

तासाभरानं वायरमन आला. फॉल्ट आमच्याच दारात निघाला. औदुंबराची फांदी मोडून तारांवर पडली होती.

गेल्या महिन्यात हाच वायरमन ती फांदी छाटायला आलेला. "औदुंबर हाय, कोयता लावायचा न्हाय," म्हणून मीच त्याला परत पाठवलं होतं.

आज त्यानं एवढंच विचारलं, "आता तोडू न्हवं, पावणं?"

मी जाऊन त्याची शिडी धरली.

लाईट आली, मशीन सुरू झालं. जरा दम आल्यावर बाबांनी विचारलं, "फॉल्ट कुठं हुता रं?"

मी अजून सांगितलेलं नाही. तुम्ही काय सांगितलं असतं?